आईची गादी पिंजली तो चैत्र

समस्त कोल्हापूरकरांस, विशेषतः राजारामपुरीतील भगिनीवर्गास, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सदर लेखिका ही मनाने खंबीर बाई असल्याची जी समजूत गेली वीसेक वर्षे या शहरात रूढ आहे, ती सपशेल निराधार असून, तिच्यावर विसंबून कोणी आपले दुःख लेखिकेच्या दारात आणून सोडल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी लेखिकेवर राहणार नाही.

हुश्श. झालं एकदाचं जाहीर करून.

आता कारण सांगते. परवा समोरच्या वहिनी आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. बहिणीचा नवरा दिवाळीनंतर गेला. तेव्हापासून ती नीट जेवत नाही, बोलत नाही, नुसती खिडकीत बसते. "ताई, हिला जरा धीर द्या. तुमास्नी जमतंय ते," असं म्हणून वहिनी तिला माझ्या बाकावर बसवून दळण आणायला निघून गेल्या. जमतंय म्हणजे काय, माझं हे दुकानच आहे. मंगळवार पेठेपासून शाहूपुरीपर्यंतच्या रडणाऱ्या बायका माझ्याकडे पाठवल्या जातात आणि मी त्यांना हसवून परत पाठवते. पद्धत ठरलेली. आधी कपभर चहा. मग रॉकेल मिळालं का, नळाला पाणी किती वाजता येतं, असले प्रश्न. त्यानं माणूस जमिनीवर येतं. मग एखादा किस्सा, हातवाऱ्यांसकट. माझा हुकमी किस्सा म्हणजे कॉलेजात भर स्नेहसंमेलनात प्राचार्यांच्या अंगावर रंगमंचाचा पडदा कोसळला तो. त्यात मी आधी पडदा होते, मग प्राचार्य होते, आणि शेवटी पडद्याखालून बाहेर पडायची वाट शोधणारे प्राचार्य होते.

परवा मी पडद्याखाली होते, म्हणजे डोक्यावरून पदर ओढून चाचपडत होते, आणि बहीण नुकतीच गालात हसायला लागली होती. तेवढ्यात बाहेर गल्लीत आवाज आला. टण्ण, झुंऽई. टण्ण, झुंऽई.

पिंजारी आला होता.

मी पदराखालून बाहेर आलेच नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शेवटी त्या बहिणीनंच उठून माझा पदर बाजूला केला, माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. वहिनी दळण घेऊन दारात आल्या तेव्हा त्यांना हे दृश्य दिसलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला दिसलं असणार. म्हणून हे निवेदन.

चैत्र लागला की कोल्हापूरचा वास बदलतो. गुऱ्हाळं थंड पडतात, महिनोन्‌महिने हवेत चिकटून राहिलेला काकवीचा वास उडून जातो आणि त्या जागी कैरीचा, तापलेल्या कौलांचा, परीक्षेच्या कोऱ्या कागदांचा वास येतो. शिक्षकाच्या घरात तर हा कागदाचा वास पिकल्या फणसासारखा घरभर भरतो. दुपारी म्हशीसुद्धा पंचगंगेतून उठायला राजी नसतात. साठच्या दशकात आमच्या शुक्रवार पेठेत याच दिवसांत एक पांढरी धांदल सुरू व्हायची. दारोदार गाद्या बाहेर यायच्या, आणि कुणाच्या घरात कोण किती वर्षं कसं झोपलं, याचा डाग-ठिगळांसह जाहीर खुलासा गल्लीला व्हायचा.

लोक तीन-चार वर्षांनी एकदा गाद्या पिंजून घेत. आमच्याकडे दर चैत्रात. "आंघोळ काय तीन वर्षांनी करतो का आपण?" आई म्हणायची. गगनबावड्याकडं पहिला ढग दिसायच्या आत गाद्या पिंजून, भरून, टाके घालून तयार हव्यात, असा तिचा नियम होता. तिचे असे पुष्कळ नियम होते, आणि ते मोडायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. घरात होतो तरी कोण? ती, माझे वडील आणि मी. वडिलांना मी आण्णा म्हणे. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणे. ते हायस्कुलात गणित शिकवत, आणि पाचवीपासून अकरावीपर्यंतची मुलं त्यांना पाहून रस्ता बदलत. तेच आण्णा गाद्यांच्या दिवशी आईच्या हुकमावरून उशा डोक्यावर घेऊन अंगणात उभे राहत.

पिंजारी आमचा ठरलेला, दस्तगीरचाचा. उंच, काटकुळा माणूस. खांद्यावर ती भलीमोठी पिंजण घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसला की वाटायचं, वीणा घेऊन कुणी देवच चाललाय. जवळ आल्यावर देवाच्या तोंडात पानाचा तोबरा असायचा. अंगणात बैठक मारून त्यानं पिंजणीच्या तारेसारख्या ताणलेल्या तातेवर लाकडी ठोकळा हाणला की टण्ण, झुंऽई, आणि वर्षभर अंगाखाली दबून दगड झालेला कापूस पिसासारखा उडायला लागायचा. दाढीवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस. त्याचं खरं वय मला कधीच कळलं नाही. सकाळी तो चाळिशीचा यायचा आणि संध्याकाळी ऐंशीचा होऊन जायचा.

गादीची परीक्षा कशी करायची, ते मला त्यानंच शिकवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. "हिकडं ये पोरी. मूठ दाब हितं. जोरात. आता सोड. आला का वर?"

"नाही आला."

"मग ह्येला पिंजायचा. पिंजल्यावर वर आला तर जीव हाय. आणि पिंजून बी न्हाय आला, तर वाकळंत घालायचा. वाकळंला काय, कसा बी चालतोय."

ज्या चैत्राची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या माघात आई गेली. वर्षभर पोटाचा आजार होता. घरातच पलंगावर होती, शेवटचे आठ दिवस फक्त सरकारी दवाखान्यात. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, कोडोलीहून आली आणि तेरा दिवस राहिली. तिनं सगळं रीतीप्रमाणं केलं, करवून घेतलं. चौदाव्या दिवशी बोचकं बांधताना तिची नजर आतल्या खोलीत पलंगावर गेली.

"बाळू," ती म्हणाली. साऱ्या पेठेला घाम फोडणारे मास्तर तिला बाळूच होते. "ही गादी दिऊन टाक कुणाला तरी. मेल्या माणसाचं हातरूण घरात ठिवत न्हाईत."

"आक्का, ती गादीवर गेली नाही. दवाखान्याच्या खाटेवर गेली. तुझ्या नियमानं खाट द्यायला पाहिजे, आणि ती सरकारची आहे."

"तोंड बघ मास्तराचं. असला कुटं नियम असतोय व्हय?"

"नियम तू सांगितलास. मी नुसतं उदाहरण सोडवलं."

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. गादी राहिली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आण्णा एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

आणि मी? मी रडले नाही. ही माझ्या कीर्तीची सुरुवात. दवाखान्यात रडले नाही, घाटावर नेलं तेव्हा रडले नाही, तेराव्याला वाढताना रडले नाही. समाचाराला येणाऱ्या बायकांचा माझ्यामुळे फार विरस व्हायचा. त्या गल्लीच्या तोंडापासूनच डोळ्याला पदर लावत यायच्या, आणि मी विचारायची, "कोकम सरबत घेणार की चहा?" जाताना म्हणायच्या, "पोरगी घट्ट हाय बाई." आधी हे वाक्य मला टोचायचं. मग आवडायला लागलं. मग मी त्याची तयारी करू लागले, जशी वक्तृत्व स्पर्धेची करायची तशी.

आण्णांच्या कपाटातली एक कच्ची वही घेतली आणि रोज दिवेलागणीला स्वतःला गुण देऊ लागले. दहापैकी. गणित मास्तरांची पोर. मोजल्याशिवाय मला काही खरं वाटायचंच नाही. ती वही अजून माझ्याकडं आहे. त्यातले काही नमुने:

"मंडईत भाजीवालीनं विचारलं, आई दिसत नाही कुठं? सांगितलं. आवाज हलला नाही. दहा. (येताना आपलं घर ओलांडून पुढं गेले. एक गुण वजा.)"

"रेडिओवर तिची आवडती भजनं लागली. बंद केला नाही. पूर्ण ऐकली. तांदूळ निवडत ऐकली. दहा. खडे राहिले, पण ते वेगळ्या विषयात."

"नृसिंहवाडीहून शेजारणीनं कवठाची बर्फी आणली. आईचा वाटा सवयीनं झाकून ठेवला. शून्य. लगेच खाऊन टाकला. पाच."

हसा, हसा. मलाही वाचताना हसू येतं. मी हे वाचून दाखवते तेव्हा बायका पोट धरून हसतात. पुढचं पान मी वाचून दाखवत नाही. पुढच्या पानापासून मी आण्णांनाही गुण द्यायला लागले होते.

आण्णा नापास होत होते. ताट पुढं घेऊन बसायचे, आमटीत भाताचा घास बुडवायचे आणि तो तिथंच विसरायचे. दोन. धोतर सैल झालं होतं, सारखं सावरायचे. शाळेतून आले की आतल्या खोलीचं दार लावून अर्धा तास बसायचे. आत काय करायचे कोण जाणे. आवाज यायचा नाही. मी बाहेर चहा दोनदा गरम करायची. तीन गुण, कारण बाहेर आले की चहा पिऊन तरी टाकायचे.

मग एके संध्याकाळी त्यांचे हेडमास्तर मला वाटेत गाठून म्हणाले, "काल तुझे वडील फळ्यावर उदाहरण सोडवत होते. बरोबरचं चिन्ह काढलं आणि थांबले. घंटा होईपर्यंत तसेच उभे. वर्गात एक पोरगं हललं नाही. ही पोरं, शालू, जी एरवी मास्तर वळला की खडू मारतात." आणि पुढं म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत मी सांभाळून घेतो. जूनमध्ये असंच असेल तर सक्तीनं घरी बसवावं लागेल. शाळा सुटली तर त्या माणसाजवळ काय राहील, बघ."

मी घरी आले. माझ्याजवळ एवढंच माणूस उरलं होतं. मी रीतसर अभ्यासक्रम आखला. वडिलांचं मन बळकट करण्याचा. माझं शास्त्र साधं होतं: जे बघून आठवण येते ते काढून टाकायचं, थोडं थोडं, म्हणजे कळ सोसायची सवय होते. पहिल्या आठवड्यात आईची चप्पल दारातून गेली. दुसऱ्या आठवड्यात तिचं कुंकवाचं डबडं देव्हाऱ्यातून माळ्यावर गेलं. लुगडी ट्रंकेत गेली. मी हे सगळं इतक्या हसतमुखानं करत होते की आज मला माझीच भीती वाटते. आण्णा काही बोलत नव्हते. त्यांच्या न बोलण्याला मी गुण वाढवून दिले. पाच. सहा.

आणि चैत्र आला. टण्ण, झुंऽई.

आता बघा, हे कसं जुळून आलं ते. आईचा नियम होता, चैत्रात गाद्या. आदल्या चैत्रात ती त्याच गादीवर आजारी पडून होती, त्यामुळे तिची गादी राहिली होती. म्हणजे ती पिंजणं हे तिच्याच शिस्तीला धरून होतं. आणि अभ्यासक्रमालाही. मोडलेलं कुणीच नव्हतं काही. आण्णा सकाळीच शाळेत परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेले होते, पाचशिवाय यायचे नाहीत. ते येतील तेव्हा नवीकोरी फुगलेली गादी, वर धुवट चादर. मी मनातल्या मनात त्या दिवसाचे गुण देऊनही टाकले होते.

दस्तगीरचाचानं अंगणात चटई पसरली. माझ्या हातचा चहा घेतला. "तुझ्या आईनं वीस वर्सांत कधी बिनसाखरंचा दिला न्हवता," म्हणाला.

"पडली नाही का साखर?"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. पिलो की."

त्यानं माझी गादी पिंजली, आण्णांची पिंजली, पाहुण्यांची पिंजली. दोन वाजत आले. कापूस माझ्या केसांत, नाकात, वेणीत. मग मी आतून चौथी गादी ओढत आणली, निळ्या पट्ट्यांची. त्यानं ठोकळा खाली ठेवला.

"ही वैनींची न्हवं?"

"हो."

"मास्तरांस्नी इचारलंयस काय?"

"ते परीक्षेला गेलेत."

"मग येऊ देत की त्यास्नी. मी बसतो हितं. मला कुटं जायचंय."

"चाचा, तुम्ही गादी पिंजायला आलाय की परवानग्या मागायला?"

माझ्या जन्मापासून मला पोरी म्हणणारा तो माणूस म्हणाला, "बरं, बाई." आणि त्यानं शिवण उसवली.

खोळ बाजूला केली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. दुखणं असं होतं की आईला उजव्या कुशीवर वळता यायचं नाही. सगळं वर्ष ती डावीकडं वळून निजली होती. तिथला कापूस दबून एकजीव झाला होता, त्याला आकार आला होता. खांद्याचा, मग कमरेचा, मधे हाताचं कोपर टेकत असेल त्याचासुद्धा. चाचानं तो तुकडा दोन्ही हातांवर अलगद उचलला, तान्हं मूल घेतात तसा. "बघ कसा बसलाय," एवढंच म्हणाला. मी बघितलं. दहापैकी दहा. मग त्यानं तो बोटांनी तोडला, तातेखाली घातला आणि हाणायला सुरुवात केली.

तो चांगला कारागीर होता. अर्ध्या तासात तिथं पांढऱ्या ढगाखेरीज काही राहिलं नव्हतं.

मुलांचा पेपर चित्रकलेचा होता, तो लवकर संपला. आण्णा अडीचलाच दारात उभे. सायकल त्यांनी स्टँडला लावली नाही. नुसती सोडली, ती पडली. अंगणभर ढीग होते. ते वर्गात विचारतात त्या आवाजात म्हणाले, "ह्यातला तिचा कुठला?"

"ह्यो, मास्तर," चाचा उठून उभा राहिला. "येगळाच ठिवलाय. मी कधी मिसळत न्हाय."

आण्णा त्या ढिगाजवळ खाली बसले. धोतराला माती लागेल याचा विचार न करता. आणि त्यांनी पंजा उताणा न करता, पालथा, थोडा तिरका, त्या कापसावर ठेवला. ओळखीच्या जागी ठेवावा तसा. शाळेतून आल्यावर दार लावून ते अर्धा तास काय करत, हे मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी हात दाबला. काढला. कापूस वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर आला. इतका सुरेख पिंजला होता तो कापूस, की त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

इथं मी नेहमी थोडी बाहेर जाऊन येते. आताही जाते. गेल्या महिन्यात आमचे हे आणि मी महाद्वार रोडला फोमच्या गाद्या बघायला गेलो होतो. दुकानदार मोठा हौशी. माझी मूठ धरून त्यानं गादीत खुपसली. "बघा ताई, सोडा. आली की नाही लगेच वर? वीस वर्षं हिच्यावर झोपा, कुणी झोपलं होतं असं वाटणारसुद्धा नाही." यांना गादी पसंत पडली. मी त्या दुकानातून चालत बाहेर पडले, ते थेट रंकाळ्यावर जाऊन थांबले. मागून हे धापा टाकत आले. "रंग आवडला नाही का?" म्हणाले. मी हो म्हटलं. किती वर्षांचा संसार, आणि मी त्यांना रंगच सांगितला.

सध्याच्या मासिकांत मन बळकट कसं करावं यावर लेख येतात. धक्का बसल्यावर माणूस किती लवकर सावरतो, त्यावर त्याची ताकद मोजा म्हणतात. मी वाचते ते. मला त्यात माझी वही दिसते. त्या वहीच्या हिशेबानं त्या चैत्रात आमच्या घरात मी पहिली आले होते आणि आण्णा नापास झाले होते. पण माणूस उरलं नाही त्या जागी रोज हात ठेवून यायचं आणि मग बाहेर येऊन दोनदा गरम केलेला चहा पिऊन टाकायचा, यालाही काही ताकद लागत असेल, हे मोजायला माझ्याजवळ रकाना नव्हता. मी घट्ट नव्हतेच. मी दाबलेली होते. घट्ट आणि दाबलेलं यातला फरक पिंजाऱ्याला हात लावून कळतो, समाचाराला आलेल्या बायकांना नाही कळत.

आणि एवढं कळूनही मी दुकान काय उघडलं बघा. वीस वर्षं हसवते आहे. बायका माझ्या घरातून फुलून बाहेर पडतात. चार दिवसांनी त्यांचं काय होतं, मी कधी विचारायला गेले नाही. परवा ती खिडकीत बसणारी मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, तेव्हा तिनं मला काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही, शांत हो असंही म्हणाली नाही. तिला कुणी शिकवलं असेल हे?

चला, परत अंगणात.

मी आण्णांच्या मागं उभी होते. "आण्णा, आईचाच नियम होता," असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून भलताच आवाज आला. तो आवाज मी ओळखला नाही. दोन महिन्यांचा तुंबलेला आवाज होता तो, आणि मी काही हळुवार रडणारी निघाले नाही. म्हैस हंबरावी तशी रडले. चौथ्या घरातून बायका धावत आल्या. कापूस डोळ्यांतल्या पाण्याला चिकटला, नाकाला चिकटला, मी पांढऱ्या मिशा लावलेल्या सोंगासारखी अंगणात मांडी घालून रडत होते आणि मला सोंगासारखी दिसतेय हे कळतही होतं. एक बाई दुसरीला म्हणाली, "रडली एकदाची." तिच्या आवाजात केवढं समाधान होतं. आण्णा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या केसांतला कापूस एकेक करून काढू लागले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटलं.

त्या तारखेला वहीत काही लिहिलेलं नाही. पुढंही नाही.

आण्णा जूनमध्ये शाळेत गेले. बरोबरच्या चिन्हापुढं लिहू लागले. मुलं पुन्हा खडू मारू लागली, तेव्हा हेडमास्तरांनी मला मुद्दाम घरी येऊन ही आनंदाची बातमी दिली. आण्णा त्यानंतर सतरा वर्षं जगले आणि त्या सगळ्या वर्षांत आतल्या खोलीचं दार रोज अर्धा तास लावलेलं असायचं. मी चहा दोनदा गरम करायची. लग्न होऊन मी राजारामपुरीला आले, त्यानंतर स्वतःचा चहा स्वतः करत. कशानं सावरले, मला विचारू नका. सावरले असं म्हणता येईल का, तेही मला माहीत नाही. ते रोज उठत होते, एवढं खरं.

त्या दिवसाचं थोडं राहिलं. बायका पांगल्या. उन्हं कलली. दस्तगीरचाचा खोळीत कापूस भरत होता, नेहमीपेक्षा हळू. काठीनं बडवून सगळीकडं सारखं करणं हे त्या कामातलं शेवटचं कसब. सुरकुती नाही, उंचवटा नाही. त्यानं काठी उचलली. आण्णा ओट्यावर बसले होते. ते उठून आले, दोनदा खाकरले. आयुष्यभर ज्यांनी पोरांच्या चुका काढल्या, ते एखादं अवघड उदाहरण विचारायला आलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"दस्तगीर, डाव्या अंगाला जरा खोलगट ठेवता येईल का?"

गल्लीत कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. सपाट गादी करण्यात जन्म गेलेल्या माणसाला असं कुणी कधी सांगितलं नसेल. चाचा हसला नाही. त्यानं काठी खाली ठेवली. खोळीत कोपरापर्यंत हात घातला, डाव्या बाजूचा कापूस चाचपला, आणि मान वर न करता, माप विचारावं तसं विचारलं, "किती खोल ठिवू, मास्तर?"

आण्णांनी उत्तरादाखल हात पुढं केला. बोटं थोडी वाकवली, मग सरळ केली. कापसाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणून गेले:

"फार नको. जाताना तिला वजनच उरलं नव्हतं."